घर माझं ताशी चार मैलांचं!

*ना बिल्डिंग, ना फ्लॅट नंबर, ना सोसायटीचा मेन्टेनन्स. लोणारच्या सरोवराकाठी वाढलेली एक मुलगी इंग्लंडच्या कॅनॉलवर बोट विकत घेते आणि तिच्यातच संसार थाटते. पण 'तुझा पत्ता काय?' या प्रश्नाला उत्तर काय द्यायचं?*

छत्रपती संभाजीनगरमधलं डोळ्यांचं एक हॉस्पिटल. बाबांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अॅडमिशनचा फॉर्म भरणं चाललेलं. नाव, वय, गाव लोणार, जिल्हा बुलडाणा... सगळं झरझर लिहून झालं आणि बाबांचं पेन एका रकान्याशी अडलं. 'सोबतच्या नातेवाइकाचा कायमचा पत्ता.'

"आता हिचं काय लिहू?" बाबा काउंटरवरच्या मुलीला म्हणाले. "आमची कन्या इंग्लंडात नावेत राहते. दर पंधरा दिवसांनी घर पुढं सरकतं!"

त्या मुलीनं माझ्याकडे असं काही पाहिलं, की ऑपरेशनची खरी गरज कुणाला आहे याचीच तिला शंका यावी. शेवटी आम्ही लोणारचाच पत्ता लिहिला आणि विषय मिटवला.

पण मंडळी, बाबा खोटं बोलत नव्हते. मी मिल्टन कीन्सला डेटा अॅनालिस्ट आहे आणि गेली चार वर्षं एका नॅरोबोटवर राहते. बोटीचं नाव 'कमळजा'. आमच्या सरोवराच्या काठावर कमळजादेवीचं देऊळ आहे ना, तिच्यावरून. इंग्लिश शेजारी तिला 'कमाल-जा' म्हणतात. म्हटलं, चालेल. कमाल तर आहेच!

एस.टी.पेक्षा लांब, एस.टी.पेक्षा अरुंद

आपल्याकडे कालवा म्हटलं की डोळ्यासमोर येतं ते शेतीचं पाणी. 'खडकपूर्णाचं पाणी कधी सुटणार?' हाच काय तो आपला कालव्याशी संबंध. इंग्लंडचे कालवे मात्र खोदले गेले ते माल वाहायला. १७६१ साली ब्रिजवॉटर कॅनॉल सुरू झाला तो एका ड्यूकच्या खाणीतला कोळसा मँचेस्टरला नेण्यासाठी. पुढच्या पन्नास-साठ वर्षांत देशभर कालव्यांचं जाळं विणलं गेलं. काठावरून चालणारा एकच घोडा दोरीनं तीसेक टन माल ओढायचा. बैलगाडीच्या हिशेबात विचार करून बघा!

जेम्स ब्रिंडली या इंजिनिअरच्या काळात मिडलँड्समधल्या कालव्यांची लॉक्स जेमतेम सात फूट रुंद ठेवली गेली. झालं! त्यातून जायचं तर बोटही तेवढीच हवी. म्हणून नॅरोबोट आजही सहा फूट दहा इंच रुंद असते आणि लांबी जास्तीत जास्त बहात्तर फुटांपर्यंत जाते. माझी सत्तावन्न फुटी आहे. म्हणजे आपल्या लाल एस.टी.पेक्षा कितीतरी लांब, पण तिच्यापेक्षा अरुंद. एका टोकाला बेडरूम, मग टॉयलेट-शॉवर, मग किचन, मग कोळशाच्या शेगडीची बैठक. दोन माणसं समोरासमोर आली, तर एकानं अंग चोरायचं.

पुढे रेल्वे आली, मग ट्रक आले आणि कालवे ओस पडू लागले. १९४४ साली एल. टी. सी. रोल्ट यांचं 'नॅरो बोट' हे पुस्तक आलं, १९४६ मध्ये कालवे वाचवण्यासाठी इनलँड वॉटरवेज असोसिएशन उभी राहिली आणि हळूहळू मालाच्या जागी माणसं आली. आज इंग्लंड-वेल्समधले साधारण दोन हजार मैलांचे जलमार्ग कॅनॉल अँड रिव्हर ट्रस्ट ही संस्था सांभाळते. २०१२ पासून हे काम त्यांच्याकडे आहे.

हे खूळ डोक्यात आलं कुठून?

भाड्यातून! मिल्टन कीन्सला एका बेडरूमच्या फ्लॅटला मी महिना अकराशे पौंड मोजत होते. एका वीकेंडला ऑफिसच्या ग्रुपबरोबर भाड्याची बोट घेऊन फिरायला गेले. बोटीचा कमाल वेग ताशी चार मैल. म्हणजे जेमतेम साडेसहा किलोमीटर. काठावरून कुत्रं फिरवणाऱ्या आजीबाई आम्हाला ओव्हरटेक करत होत्या! संध्याकाळी बोट एका शेताकडेला बांधली, शेगडी पेटवली आणि मला एकदम लोणारला असल्यासारखं वाटलं. तीच शांतता, तोच पाण्याचा वास. आमच्या सरोवराचा खारट-उग्र वास सोडून, अर्थात.

गंमत बघा, आयुष्याची पहिली अठरा वर्षं मी पाण्याच्या काठावर काढली, पण बोटीत पाऊल ठेवलं नाही. लोणारचं सरोवर म्हणजे उल्केच्या आघातानं बेसॉल्ट खडकात पडलेलं जवळपास पावणेदोन किलोमीटर व्यासाचं विवर. पाणी खारं आणि अल्कधर्मी. आत उतरायचं ते देवदर्शनाला नाहीतर सहलीला. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं तेव्हा जगभर फोटो फिरले, त्याच वर्षी रामसर यादीत नावही लागलं. पण नाव हाकायची ही जागाच नव्हे. बाबा तीस वर्षं भूगोल शिकवत होते. वर्गात ते नेहमी सांगायचे, "या पाण्याला आत यायला वाट आहे, बाहेर जायला नाही."

माझ्या बोटीच्या पाण्याचं नेमकं उलटं आहे. त्याला वाटच वाट!

फ्लॅट नव्हे, बोट घेताना...

बोट बघायची ती वेबसाइटवर, मग प्रत्यक्ष. पहिली बोट बघताक्षणी आवडली. गुलाबाची फुलं, किल्ले अशी पारंपरिक चित्रं रंगवलेली, पितळी नळ चकाचक. विकणारा म्हणाला, सर्व्हे कशाला, दोन वर्षांपूर्वीच झालाय. मी बयाणा द्यायच्या बेतात होते. ऑफिसमधल्या एका जुन्या बोटवाल्यानं हात धरला. बोट पाण्याबाहेर काढून अल्ट्रासाउंडनं तळाच्या पोलादाची जाडी मोजायला लावली. बाजूंचा पत्रा मुळात सहा मिलिमीटरचा होता. तो काही ठिकाणी गंजून चारच्याही खाली गेला होता! विमा कंपन्या साधारण चारच्या खाली नाक मुरडतात. मग बाहेरून नवा पत्रा जोडायचा खर्च आपल्या बोकांडी. पितळी नळांना टाटा केला.

दुसरी बोट दिसायला साधी, पण तळ ठणठणीत. अठ्ठेचाळीस हजार पौंड. आपल्या पैशात पन्नास लाखांच्या वर. होम लोन मिळत नाही, कारण कायद्याच्या लेखी हे घरच नाही! बँकेतला माणूस दोन वेळा विचारून गेला, "पण मॅडम, प्रॉपर्टी नक्की कुठे आहे?" शेवटी सेव्हिंग्ज आणि पर्सनल लोन.

आईची प्रतिक्रिया एका वाक्याची होती. "अगं बाई, एवढ्या पैशात पुण्यात टू बीएचके आला असता!"

आईचं चूक नव्हतं. फ्लॅटची किंमत वाढते, बोटीची बहुतेक वेळा उतरते. शिवाय लग्नाचा बायोडेटा. माझं वय तेव्हा एकतीस. 'मुलगी इंग्लंडला, उच्चशिक्षित, स्वतःचं घर' इथपर्यंत समोरचे खूश असायचे. 'घर म्हणजे... नाव आहे' म्हटलं की फोन ठेवायची घाई सुरू!

पंधराव्या दिवशी सामान नाही, घरच हलवायचं

बोट बांधायला कायमची जागा हवी असेल तर मरीनात किंवा काठावर मुरिंग भाड्यानं घ्यावं लागतं. ते परवडत नसेल, किंवा भटकायचंच असेल, तर 'कंटिन्युअस क्रूझर' व्हायचं. मी ते आहे. १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी साधारण चौदा दिवसांपेक्षा जास्त थांबता येत नाही. आणि याच दोन पुलांमध्ये पुढं-मागं करून चालत नाही. खरंखुरं फिरताय हे दिसलं पाहिजे. वर्षभरात वीसेक मैलांच्या आतच घुटमळलात, तर लायसन्सच्या वेळी प्रश्न विचारले जातात.

नोकरी सांभाळून हे जमतं कसं? ग्रँड युनियन कॅनॉलची कृपा! लंडनहून उत्तरेकडे जाणारी मुख्य रेल्वेलाइन बराच मोठा पल्ला या कालव्याच्या जवळून धावते. बर्कमस्टेड, लेटन बझर्ड, ब्लेचली, वुल्वर्टन, प्रत्येक ठिकाणी कालव्यापासून स्टेशन चालत. वीकेंडला घर हलवायचं, सोमवारी नव्या स्टेशनवरून लोकल पकडायची.

पण रोमँटिक फोटोंवर जाऊ नका. पाण्याची टाकी आपणच भरायची. टॉयलेटची कॅसेट आपणच नेऊन ठरलेल्या जागी रिकामी करायची (पहिल्यांदा मी डोळे मिटून केलं, आता गाणं गुणगुणत करते). डिसेंबरात सोलर पॅनेल नुसते शोभेला. मग बॅटऱ्या चार्ज करायला इंजिन चालवायचं, तेही रात्री आठ ते सकाळी आठ बंद ठेवून, शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून. सकाळी शेगडी विझलेली असली, तर रजईतून बाहेर पडणं हाच दिवसाचा मोठा पराक्रम. पत्त्याचं म्हणाल, तर टपाल मैत्रिणीच्या घरी येतं. तिच्या सासूबाईंना वाटतं, मी त्यांच्याकडे पेइंग गेस्ट आहे.

खर्च? लायसन्स, विमा, डिझेल, कोळसा, गॅस, दुरुस्त्या आणि दर दोन-तीन वर्षांनी तळाला काळा रंग, सगळं धरून वर्षाला माझे साडेपाच-सहा हजार पौंड जातात. भाड्याच्या निम्म्याहून कमी. मात्र २०२४ पासून कायमचं मुरिंग नसलेल्यांच्या लायसन्सवर जादा आकार सुरू झाला आहे आणि तो टप्प्याटप्प्यानं वाढतोय. स्वस्ताई हे एकच कारण असेल, तर आधी कॅल्क्युलेटर घ्या.

आणि ती पांढरी रेघ

गेल्या उन्हाळ्यात आई-बाबा सहा आठवड्यांसाठी आले. बाबा म्हणजे हाडाचे भूगोलवाले. कॉसग्रोव्हला १८११ सालचा लोखंडी जलसेतू आहे. नदी खाली वाहते आणि तिच्यावरून कालवा जातो. तिथं ते तासभर उभे राहिले. ब्लिसवर्थचा बोगदा पावणेतीन किलोमीटरहून लांब, १८०५ सालचा. आत काठावरची वाटच नाही. पूर्वी घोडा डोंगरावरून न्यायचा आणि माणसांनी फळीवर आडवं पडून भिंतीवर पाय चालवत बोट पुढं ढकलायची. बाबांनी हे आईला इतक्या वेळा सांगितलं, की ती म्हणाली, "आता तुम्हीच आडवे व्हा!"

बाबांना मी टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा धरायला शिकवलं. डावीकडे वळायचं तर दांडा उजवीकडे. दोन दिवसांत जमलं. लोणारच्या सायकलवाल्या मास्तरांची कॉलर टाइट!

परतताना स्टोक ब्रुअर्नची सात लॉक्स उतरायची होती. लॉक म्हणजे पाण्याची लिफ्ट. बोट हौदात घ्यायची, मागचं दार बंद करायचं, पुढच्या दाराची झडप एल आकाराच्या हँडलनं उचलायची. पाणी उतरतं, सोबत बोट उतरते. एका वेळेला अडीच लाख लिटरच्या आसपास पाणी. यात एकच गोष्ट जिवाची. वरच्या दाराखाली दगड-काँक्रीटचा एक उंबरठा असतो. तो पाण्याखाली असतो तोवर दिसत नाही. पाणी उतरताना बोटीची शेपूट त्यावर राहिली, तर पुढचा भाग खाली जातो, मागचा अडकतो आणि बोट बुडू शकते. म्हणून भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. शेपूट त्या रेघेच्या पुढेच हवी.

मी काठावर झडपेशी, बाबा टिलरवर, आई आत चहा टाकतेय. मी ओरडून विचारलं, "बाबा, रेघेच्या पुढं आहात ना?" बाबांनी हात वर केला. मी झडप उचलली.

अर्ध्या मिनिटात आतून भांडी पडल्याचा आवाज आला. वळून बघते तर बोटीचं नाक खाली, शेपूट वर. मी झडप खाली सोडली. वरच्या दाराकडे धावले, तिथली झडप हळूहळू उघडली. पाणी परत भरायला लागलं. बोट एकदा करकरली आणि उंबरठ्यावरून सुटली. सगळा खेळ दोन-तीन मिनिटांचा. आईच्या हातावर चहा सांडला, सुकाणूची पट्टी थोडी वाकली, बाकी काही नाही. काठावर आइस्क्रीम खात बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, शो आहे!

त्या संध्याकाळी कुणी फार बोललं नाही. उरलेली लॉक्स उतरताना बाबा टिलरला शिवले नाहीत. नंतर लोणारहून फोन यायचे, पण 'बोट कशी आहे' हा प्रश्न बंद झाला. मी त्याचा अर्थ लावला की लेकीनं आपल्याला मरणाच्या दारात नेलं, हे त्यांच्या मनात बसलंय. आणि खरंच होतं ते. झडप उचलण्याआधी स्वतः जाऊन रेघ बघणं माझं काम होतं. सत्तर वर्षांच्या माणसाच्या हात वर करण्यावर भागवायचं नव्हतं.

हिवाळ्यात मी विक्रीची जाहिरात लिहून ठेवली. 'सत्तावन्न फुटी, तळ उत्तम, एकच मालकीण.' लोणारला येताना मनाशी पक्कं होतं, बाबांचं ऑपरेशन झालं की सांगायचं आणि परत जाऊन पोस्ट करायची.

पट्टी निघाल्यावर

संभाजीनगरला आम्ही मेहकरवरून समृद्धी महामार्गानं गेलो. ड्रायव्हर एकशेवीसच्या काट्याला चिकटून. बाबा म्हणाले, "तुझ्या बोटीनं निघालो असतो तर अख्खा दिवस आणि अख्खी रात्र लागली असती." वर्षभरात त्यांनी बोटीचं नाव पहिल्यांदा काढलं.

ऑपरेशन छान झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली. बाबांनी आधी भिंतीवरचं कॅलेंडर वाचलं, मग नर्सच्या छातीवरचं नाव, मग माझा मोबाइल मागितला. गेल्या वर्षीचे फोटो बघत बसले. स्टोक ब्रुअर्नच्या लॉकचा फोटो आला आणि त्यांचं बोट थांबलं.

"ही रेघ होय?"

"हो बाबा."

"एवढी मोठी?"

मी काहीच बोलले नाही. बाबांनी फोटो मोठा केला, परत लहान केला. मग म्हणाले, "मला त्या दिवशी ती दिसलीच नव्हती. भिंत सगळी धुक्यासारखी. तू विचारलंस आणि मी हात वर केला. आता नाही म्हटलं तर तू दांडा काढून घेशील, असं वाटलं."

आई म्हणाली, "आणि वर्षभर बोलला नाहीत?"

"काय सांगू? मास्तरला फळा दिसत नाही म्हणून सांगू?"

वर्षभर मी समजत होते, बाबा माझ्यावर नाराज आहेत. वर्षभर बाबा समजत होते, मला त्यांची चूक कळलीय आणि मी बोलत नाही. डोळ्यांची तक्रारही त्यांनी त्याच लाजेपोटी दाबून ठेवली होती. डॉक्टरांनी सांगितलं, जरा उशीरच केलात.

मी म्हटलं, "बाबा, रेघ मी बघायला हवी होती. बोट माझी आहे."

"मग दोघांची चूक," बाबा म्हणाले. भूगोलाचा पेपर तपासून मार्क द्यावेत तसे.

तर मग, बोट घ्यावी का?

मला हा प्रश्न मेलवर, फोनवर, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे विचारला जातो. माझं उत्तर असं :

• आधी आठवडाभर भाड्यानं बोट घ्या, तीसुद्धा नोव्हेंबरात. मे महिन्यात सगळ्यांनाच बोट आवडते.

• पाण्याबाहेर काढून सर्व्हे केल्याशिवाय एक पौंडही देऊ नका. फ्लॅटसारखी सरकारी नोंद नसते, म्हणून विक्रीची पावती आणि जुने कागद नीट तपासा.

• विमा आणि दर चार वर्षांनी होणारं बोट सेफ्टी सर्टिफिकेट, ही दोन्ही नसतील तर लायसन्स नाही. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म तर हवाच. शेगडी जितकी प्रेमळ, तितकीच घातकी.

• दुसऱ्याच्या बांधलेल्या बोटीजवळून जाताना वेग आणखी कमी करा. आत कुणीतरी चहा ओतत असतं.

• लॉकमध्ये घाई नाही. रेघ स्वतःच्या डोळ्यांनी बघा. दुसऱ्यानं हात वर केला तरीही.

जाहिरात अजून माझ्या लॅपटॉपवर आहे. पोस्ट केली नाही, डिलीटही केली नाही. लायसन्स वाढतंय, आई-बाबांची वयं वाढतायत आणि कधीतरी पक्क्या भिंतींचं घर लागणार, हे मला कळतं. पण तो निर्णय आता त्या एका दुपारच्या भीतीनं होणार नाही, एवढं नक्की.

परवा बाबांच्या दुसऱ्या डोळ्याची तारीख घ्यायला गेलो. त्यांना ऑपरेशन मेच्या आत हवंय. का, ते त्यांनी डॉक्टरांना सविस्तर सांगितलं, जलसेतूसकट! पुन्हा तोच फॉर्म, तोच रकाना, काउंटरवर तीच मुलगी. या वेळी बाबांनी पेन थांबवलं नाही. चष्म्याशिवाय, मास्तरांच्या वळणदार अक्षरात लिहिलं :

'कमळजा, ग्रँड युनियन कॅनॉल, इंग्लंड.'

मुलीनं विचारलं, "काका, पिन कोड?"

बाबा म्हणाले, "तो दर पंधरा दिवसांनी फोन करून सांगीन!"